अनमला काय आवडायचं

माणगाव
बुधवार, ७ जानेवारी २०२६

प्रिय अम्मी,

अस्सलामु अलैकुम.

सकाळी दारात उभी राहून तू हात हलवत होतीस त्याला अजून पाच तासही झाले नाहीत, आणि लगेच पत्र. घाबरू नकोस, मी ठीक आहे. बोर्लीची गाडी माणगावला वेळेवर आली. बॅगा शाबूत आहेत. तू बांधून दिलेले निम्मे घावणे म्हसळ्यापर्यंतच संपले. शेजारी बसलेल्या काकांनाही दोन दिले, कारण ते डब्याकडे फार प्रेमाने बघत होते. मुंबईची गाडी अडीचला आहे. तोवर सुजितच्या दुकानात बसलोय.

सुजित आठवतो ना? हायस्कूलला माझ्या बाकावर बसायचा, ईदला आपल्याकडे यायचा आणि तू वाढशील तेवढं खायचा. आता स्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. पोट अजून तुझ्या वाढण्याची साक्ष देतं. हा कागद त्यानेच दिला, पेनही त्याचंच. आज संध्याकाळी तो बोर्लीला सासुरवाडीला येतोय, तोच हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याला चहा दे. त्याच्याकडे अजून एक काम सोपवलंय, ते शेवटी लिहितो.

तू म्हणशील, फोन का नाही केला. फोनवर तू "जेवलास काय?" विचारतेस, मी "जेवलो" म्हणतो, आणि बोलायचं ते राहून जातं. तीन आठवडे तुझ्यासमोर बसूनही मला ते जमलं नाही. बाबा कुवेतहून पत्रं पाठवायचे तेव्हा तू ती तीनदा वाचायचीस. आधी उभ्याने, मग बसून, मग आम्हाला मोठ्याने. मोठ्याने वाचताना मधलं काहीतरी गाळायचीस आणि ते अनमला बरोबर कळायचं. "अम्मी, तू मधेच थांबलीस," म्हणायची. तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. एकटीने वाच, आणि बसूनच वाच.

आधी घरचं. मोरीतल्या नळाचं वायसर बदललंय, आता ठिबकणार नाही. बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या आणून फडताळात वरच्या फळीवर ठेवल्यात. सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी. नारळ उतरवायला सदू शनिवारी येईल, त्याला सांगून ठेवलंय. मागच्या दाराची कडी सैल झालीय, ती लावताना दार थोडं उचलून घ्यायचं. पण हे मी तुला सकाळीच सांगितलं होतं. मी उगाच लांबण लावतोय.

मला शाही तुकड्याबद्दल लिहायचं आहे.

मी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरुवार, जुम्मेरात होती. अनम जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. तिच्या नावाने फातिहा द्यायला तू शाही तुकडा केला होतास. तुपात तळलेला पाव, वर आटवलेलं दूध, त्यावर पिस्ते. माझ्यापुढे बशी ठेवलीस आणि म्हणालीस, "खा. अनमला लय आवडायचा ह्यो. फोनात सारखी ह्येच बघायची. मला कधी बोलली न्हाय बघ. अम्मीला तरास नको म्हणून गप ऱ्हायली आसंल." मग ओढणीने डोळे पुसलेस आणि झाकलेल्या बश्या पाच घरी पाठवल्यास. चार महिने दर जुम्मेरातीला तू हेच करत होतीस, हे मला तेव्हा कळलं.

मी खाल्ला. मागून घेऊन दुसराही खाल्ला. अम्मी, आपल्या अनमला गोड नको असायचं. ईदचा शिरखुर्मा ती दोन चमचे खाऊन वाटी माझ्याकडे सरकवायची. तिला भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी हवी असायची, नाकातून पाणी येईल इतकी तिखट, आणि तव्यावरचा घावणा. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वीस वर्षं तू तिला वाढलंस. आणि फोनातल्या चार व्हिडिओंमुळे तुला वाटायला लागलं की आपल्याला आपली मुलगी कळलीच नव्हती.

ते शाही तुकडे अनमचे नव्हते. ते मी घातले होते.

नीट सांगतो. तो फोन मी मस्कतहून आणला होता. त्यातलं व्हिडिओ बघायच्या ॲपचं खातंही मीच उघडून दिलं, माझ्या नंबरवर, माझ्या पासवर्डने. त्यामुळे तिच्यासमोर काय येतंय ते मला तिकडे बसून माझ्या फोनात बघता यायचं. पहिलं वर्ष मी उघडूनही पाहिलं नाही. मग एका दुपारी मेसमध्ये वासिफने, तो दिवेआगरचा, माझ्याच कंपनीत आहे, त्याचा फोन माझ्यापुढे धरला. पंधरा जण जेवत होते. कुठल्याशा लग्नात एक मुलगी नाचत होती आणि खाली लिहिलं होतं की हे अनमला आवडलं. वासिफ हसला नाही. "बघ बाबा, उगाच गावात बोलतील," एवढंच म्हणाला. हसला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो आणि विषय तिथेच संपला असता.

त्या शुक्रवारपासून सुरू झालं. जुम्म्याची नमाज, जेवण, आणि मग पलंगावर पडून अनमचं खातं उघडायचं. मी एसीच्या कामावरचा सुपरवायझर, तपासणी हातात बसलेली. त्या ॲपात हल्ली एक पान असतं. आपल्या डोळ्यांसमोर काय यावं ते ज्याचं त्याला ठरवता यावं म्हणून दिलेलं. हे जास्त दाखवा, हे कमी दाखवा, हे शब्द असलेलं काहीच नको. सोय चांगली आहे. मी ती अनमच्या वतीने वापरली, अनमला न विचारता. नाच नको. गाणी नको. ट्रक चालवणारी एक बाई होती, ती नको. मुलींची कबड्डी नको, कारण चड्डीत खेळतात. असं करत सगळं रिकामं झालं, तेव्हा काहीतरी चांगलं भरावं म्हणून नबींच्या स्तुतीच्या नात घातल्या, भरतकाम घातलं, पाककृती घातल्या. लखनौच्या त्या बाई, ज्यांना तू 'अनमच्या आजी' म्हणतेस, त्याही मीच निवडल्या. डोकं झाकून बोलतात म्हणून.

तिला लगेच कळलं. कोण करतंय ते कळायला थोडे दिवस लागले. आधी फोनवर हसत म्हणाली, "भाई, माझ्या फोनला काय झालंय? सारखा मला जेवायलाच वाढतोय." मी म्हणालो, बरं आहे की, शिकून घे. ती हळूच म्हणाली, "भाई, तूच आहेस ना तो? माझं मला बघू दे ना." मी म्हणालो, आवाज नीट येत नाही, नंतर बोलू.

आता तू रोज असरच्या नमाजेनंतर पडवीत बसतेस. अनमच्या ओढणीत गुंडाळून ठेवलेला फोन काढतेस आणि करंगळीने एकेक चित्र वर सरकवतेस. तीन आठवडे मी समोर बसून ते पाहिलं. "बघ तबरेज, किती सुधी पोर व्हती माझी. एक वंगाळ गोष्ट न्हाय हिच्या फोनात." शेजारच्या बायकांनाही दाखवतेस. मला वाटायचं, उठावं आणि ओरडून सांगावं की ही अनम नाही, हा मी आहे, तू इतके महिने माझंच तोंड बघत बसली आहेस. पण त्या तासभर तुझ्या चेहऱ्यावर जे असतं ते दिवसभरात दुसऱ्या कुठल्या वेळी नसतं. म्हणून मी बोललो नाही. निदान कारण म्हणून मी स्वतःला हेच सांगत होतो.

मग झोयाचं झालं.

झोयाबद्दल तू म्हणतेस, मुकं-बहिरं लेकरू, अनमचा लळा होता, म्हणून येऊन उभं राहतं. शेतापलीकडच्या घरातून ती रोज येते, तुझ्या हातातल्या फोनकडे बघते, हनुवटीला बोट लावते, मग दोन्ही तळवे उताणे करून तुझ्यापुढे धरते. तू तिला खारी देतेस. ती खात नाही, पायरीवर ठेवून निघून जाते. "भुकेचं दाखवतंय आणि खात न्हाय," म्हणून तू कोड्यात पडतेस.

मी आल्यावर चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आधी हाताचं विमान करून डोक्यावरून नेलं. मग हनुवटीला बोट, मग तळवे. मी तिला चॉकलेट दिलं. तिने ते बघितलंही नाही. पुन्हा केलं. विमान, हनुवटी, तळवे. सात वर्षांची पोर, पण शिकवणाऱ्या बाई ढ मुलाकडे बघतात तशी माझ्याकडे बघत होती.

ते हनुवटीवरचं बोट मी कुठेतरी पाहिलं होतं. दोन दिवस आठवत राहिलो. मग आठवलं. गेल्या रमजानमध्ये अनमने मला एक व्हिडिओ पाठवला होता. ती आणि झोया आपल्या पायरीवर बसून हातवारे करत होत्या. मेसमध्ये मी फोनचा आवाज कधीच लावत नाही, पंधरा पुरुषांत बहिणीचा आवाज घुमायला नको म्हणून. आवाज बंद ठेवूनच पाहिला आणि तिला लिहिलं, "हे काय थेर चाललेत? काढून टाक." तिच्याकडून तिने काढला असेल. माझ्या फोनात तो राहून गेला होता.

विहिरीमागे जाऊन मी तो पहिल्यांदा आवाज लावून बघितला. अम्मी, तिचं पहिलंच वाक्य आहे, "भाई, आधी आवाज मोठा कर."

पुढे म्हणते, "ही भाषा आहे भाई, खरीखुरी. मी फोनवर बघून शिकते आणि झोयाला शिकवते. ह्यांच्यात नावं पण हातानेच असतात. हे माझं नाव, माझ्या हनुवटीवरचा तीळ. झोयानेच ठेवलंय. आणि तुझं काय ठेवलंय, सांगू? विमान! भाई म्हणजे विमान." मग दोघी हसत सुटतात. झोयाचं हसणं मी त्यात पहिल्यांदा ऐकलं. घोगरं आहे, पण खूप मोठं आहे.

म्हणजे ती भुकेली नव्हती. अनम कुठे आहे, हे ती तुला रोज विचारत होती. आणि मी आल्यावर मला विचारत होती की भाई, तू आलास, मग अनम कुठे? तिला वाटतंय अनम माझ्याकडे आली होती. ऑगस्टमध्ये अनमला गाडीत घालून माणगावच्या दवाखान्यात नेलं ते तिने पाहिलं. सहा दिवसांनी परत आणलं तेव्हा तिला कुणीतरी आतल्या खोलीत नेऊन बसवलं. सगळ्या गावाला खबर मशिदीच्या माइकवरून मिळाली. झोयाला माइक कुठून ऐकू येणार? आणि हातांनी सांगणारी एकच होती.

इथवर लिहून मी चहा घेतला. सुजितने विचारलं, "झालं काय पत्र?" मी हो म्हणालो. त्याने पाकीटही काढून दिलं. पण झालं नाही.

कारण इथवरचं वाचून तू मला माफ करशील. म्हणशील, पोराला आवाज बंद होता म्हणून कळलं नाही, लांब होता, काळजीने केलं. मीही स्वतःला तसंच समजावत आलो. हातांनी शिकवणाऱ्या त्या बाई, त्यांचे ते मोठमोठे हावभाव, मला आवाजाशिवाय ते चाळे वाटले आणि मी त्यांना 'नको' करून टाकलं. हे खरं आहे. पण हे रमजानमधलं, मार्चमधलं खरं आहे.

मे महिन्यात अनमचा फोन आला. तू चौलला मावशीकडे गेली होतीस त्या दिवशी. तिने मला सगळं सांगितलं. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचा कोर्स असतो, मुंबईला, दोन वर्षांचा, मुलींसाठी हॉस्टेल असतं. "भाई, झोयासारखी आपल्या तालुक्यात किती असतील, आणि त्यांच्याशी बोलणारं कोण आहे? तू फक्त हो म्हण, अम्मीला मी सांगते." मग म्हणाली, "आणि ते माझे धडे परत येऊ दे ना. मला माहितीय तू बंद केलेस. मी कुणाला बोलले नाहीये." ते हातवारे काय आहेत हे मला त्या दिवशी स्पष्ट कळलं होतं. त्या दिवशी आवाजही चालू होता.

मी म्हणालो, बघू.

आणि त्या शुक्रवारी ते शब्दच बंदीच्या यादीत घातले. सांकेतिक भाषा. मूकबधिर. कोर्स. हॉस्टेल. एकेक अक्षर टाइप करून घातलं. मला वाटलं, डोळ्यांसमोर आलं नाही की डोक्यातून जाईल. ती मुंबईला गेली तर लोक काय म्हणतील, तू घरात एकटी पडशील, हे मनात होतंच. पण त्याहून जास्त हे होतं की तिने स्वतःसाठी काहीतरी ठरवलं होतं आणि ते माझ्याशिवाय ठरवलं होतं. मला ते सहन झालं नाही. बाबा गेल्यापासून या घरात ठरवायचं काम माझं, असं मी धरून चाललो होतो.

तिने तुला हे कधी सांगितलं नाही, कारण मी नाही म्हणालोच नव्हतो. मी 'बघू' म्हणालो होतो. ती त्या 'बघू'ची वाट बघत राहिली.

तू मला सांगितलंस, "जूनपासनं तर फोन हातात पन घेत नव्हती, येवढी शहाणी झालेली. दुपारची झोयाच्या घरी शिवण शिकाया जायची." मी परवा झोयाच्या आईला विचारलं. त्यांचं शिवणयंत्र दोन वर्षांपासून बिघडलेलं आहे. अनम रोज दुपारी त्यांच्या फोनवर ते धडे बघायला जायची. तांदळाच्या डब्याला फोन टेकवायचा आणि दोघींनी चटईवर बसायचं. झोयाची आई सांगत होती, "येवढ्या पावसात पन खाडा केला न्हाय तिनं. मधल्या शेतात गुडघाभर पाणी, तरी सलवार वर धरून यायची."

गुडघाभर पाणी. डॉक्टरांनी लेप्टो सांगितला तेव्हा तुला विचारलं होतं ना, पाण्यातून चालणं झालंय का, पायाला जखम आहे का. तू म्हणालीस, आमच्याकडे सगळेच पाण्यातून चालतात. ते खरंच आहे. तू वाडीत जातेस, सदू दिवसभर चिखलात उभा असतो, त्यांना काही झालं नाही. कुठल्या पाण्याने झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ते धडे अनमच्या स्वतःच्या फोनात येत असते तर तिला रोज ते शेत ओलांडून जायचं काही कारण नव्हतं. तीन आठवडे मला हे एकच वाक्य तुला सांगायचं होतं. सकाळी नळाचं वायसर बदलताना सांगणार होतो. तू पाठीमागून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस आणि मी वायसरच बदलत बसलो.

मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. तू आई आहेस, लगेच करून टाकशील, आणि मला ते इतक्या स्वस्तात नकोय.

आता सुजितच्या कामाचं. मघाशी आम्ही दोघांनी ते पान उघडलं. बंदीची यादी बघून तो म्हणाला, "हे तू स्वतःसाठी केलंस काय?" मी म्हणालो, बहिणीसाठी. तो झेरॉक्सला आलेल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगून माझ्या शेजारी बसला. एकोणचाळीस शब्द होते, ते सगळे काढले. मी घातलेले लोकही काढले. लखनौच्या आजींना तेवढं ठेवलंय, त्या आता तुझ्या झाल्यात. मग सुजितने पासवर्ड बदलला. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा होतो. नवा पासवर्ड त्याने चिठ्ठीवर लिहून या पाकिटात घातलाय, मी तो पाहिलेला नाही. माझा नंबर काढून तुझा टाकलाय. माझ्या फोनातून ते खातं आता उघडत नाही. काय बघायचं आणि काय नाही, ते यापुढे तू ठरव. ते कसं करायचं, सुजित दाखवेल.

आजपासून त्या फोनात वेगळंच काहीतरी यायला लागेल. एकदम येणार नाही, थोडं थोडं येईल. दचकू नकोस, फोन बिघडलाय असं समजू नकोस. ट्रकवाली बाई दिसेल. ती स्वतः ट्रकखाली शिरून चाक बदलते, तो व्हिडिओ अनमने जपून ठेवला होता. केरळातले एक म्हातारे लाकडाची होडी बांधतात आणि सबंध वेळ एक शब्द बोलत नाहीत. मांजरं येतील, ती तुला आवडणार नाहीत. कबड्डीच्या मुली येतील. लग्नात नाचणारी ती मुलगीसुद्धा येईल, तिच्याकडे नीट बघ, ती नुसती खूश आहे, बाकी काही नाही. आणि हातांनी बोलणाऱ्या त्या बाई. मला हे सगळं पाठ आहे, कारण एकेक बघून मीच काढलं. तिला काय आवडायचं ते आता माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. मला ते असं माहीत व्हायला नको होतं.

उद्या जुम्मेरात आहे. शाही तुकडा करू नकोस. सुके बोंबील भाज, मिरची हात राखून घालू नकोस, घावणे कर. पाचही घरी पाठव. कुणी विचारलं की फातिहाला हे काय, तर सांग, अनमला हेच आवडायचं. तुझी मुलगी तुला बरोबर कळलेली होती, अम्मी.

आणि झोयाला सांगायचं आहे. काल संध्याकाळी मी सांगायला गेलो होतो. त्या बाईंचा एक धडा मी शोधलाय, माणूस वारलं हे हातांनी कसं सांगायचं त्याचा. आरशासमोर उभं राहून शिकलोही. झोया मला बघून अंगणातून पळत आली, विमान केलं, हनुवटीला बोट लावलं, आणि मी दोन्ही हात खिशात घातले. तिच्या डोक्यावरही ठेवले नाहीत. तसाच परत फिरलो.

तो धडा सुजित तुला काढून देईल. आधी एकटी बघ, चार-पाच वेळा करून बघ. हात चुकतील, ते चालतं. मग ती आली की तिला जवळ बसव. आधी हनुवटीला बोट लाव, म्हणजे कुणाबद्दल बोलतेस ते तिला कळेल. मग सांग. ती पुन्हा विचारेल. पुन्हा सांग. खारी देऊ नकोस. आणि विमान करून दाखव, मग हात हलवून नाही म्हण. भाईच्या विमानात अनम नाही, हे तिला एकदा कळायला हवं, नाहीतर मी येईन तेव्हा तेव्हा ती दारात येऊन उभी राहील.

गाडी लागली आहे. सुजित पाकीट मागतोय.

गोळ्या चुकवू नकोस. मस्कतला पोचलो की मी फोन करेन. उचलायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा,
'बघू' म्हणालेला,
तबरेज